नूरभाईंचा राग

नूरभाई मला पहिल्यांदा भेटले तेच मुळी माझ्यावर ओरडत. क्रेनवाल्याने माझी चेपलेली गाडी रत्नागिरीजवळ कुवारबावला त्यांच्या गॅरेजसमोर उतरवली होती. का, तर त्याच्या वाटेवर पहिलं गॅरेज तेच होतं. मी आठ-दहा दिवसांनी तिथे गेले आणि म्हणाले, "सर्व्हिस सेंटरवाले म्हणत होते, टायमिंगचा काहीतरी प्रॉब्लेम आहे म्हणे."

गाडीखालून एक उंच, शिडशिडीत माणूस बाहेर आला. मेंदी लावलेली दाढी, ग्रीस लागलेला खाकी शर्ट. वय पन्नाशीच्या पुढचं. त्याने माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि सरळ आपल्या खिशात टाकली.

"म्हणे कोण बोलला? तू बोललीस की ते? गाडी तू चालवतस ना? मग तुला काय दिसला ता सांग. त्यांचा 'म्हणे' त्यांच्याकडं ठेव."

गिऱ्हाइकाची चावी खिशात टाकणं ही त्यांची सवयच होती. सगळं ऐकून होईपर्यंत ते बॉनेट उघडत नसत आणि दुसऱ्या कुणाला उघडूही देत नसत. चौदा वर्षं कुवेतमध्ये एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम करून ते अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीला परत आले होते. हाताला गुण होता, जिभेवर ताबा नव्हता. एका वकिलाला त्यांनी तोंडावर विचारलं होतं, "तुझी अक्कल वॉरंटीत हाय काय? असली तर बदलून आण." त्यामुळे भले लोक त्यांच्याकडे जायला कचरत. मीही आपणहून कधी गेले नसते.

त्याचं आणखी एक कारण होतं. गाडी मी ज्याच्याकडून घेतली, तो लतीफ नूरभाईंचा सख्खा धाकटा भाऊ. नाचणे रोडवर त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. मऊ बोलणं, पांढरा शर्ट, गिऱ्हाइकाला आधी सरबत. गाडी घेताना मी विचारलं होतं, पुढे काही काम निघालं तर तुमच्या भावाकडे नेऊ का? तो हसला. "भाईजान जुना माणूस, मॅडम. ह्या नव्या इंजिनातलं त्यांना काय कळतंय?"

मी तेव्हा आरे-वारेच्या पलीकडे एका हायस्कुलात गणित शिकवत होते. एसटीच्या वेळा जमेनात म्हणून गाडी घेतली. पांढरी, सात-आठ वर्षं वापरलेली, पण दिसायला नवीकोरी. तीन-चार महिने बरी चालली. मग मधूनच बंद पडायला लागली. सकाळी थंड असताना कधी नाही. चढ चढून आली, तापली, की मग. मी तीनदा सर्व्हिस सेंटरला नेली. पहिल्या वेळी त्यांनी प्लग बदलले, दुसऱ्या वेळी पेट्रोलचा फिल्टर. तिसऱ्या वेळी तिथला टाय लावलेला पोरगेला माणूस टायमिंगबद्दल काहीतरी पुटपुटला आणि मग हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही क्लच लवकर सोडता. लेडीजचं होतं असं." मी मान हलवून परत आले. त्या मान हलवण्याचा मला आजही संताप येतो.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टमास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मालगुंडला त्यांचे एक जुने सहकारी राहायचे. त्यांना भेटायचं म्हणून मी अण्णांना घेऊन गेले. परत येताना आरे-वारेचा चढ चढले. पुढे उतार आणि वळण. गियर कमी करायला क्लच दाबला आणि इंजिन मेलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा अर्धा लागला, तिसऱ्यांदा पाय जणू भिंतीवर आपटला. उजव्या हाताला खाली समुद्र. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून गाडी डावीकडे डोंगराच्या कापावर घातली. जांभ्या दगडाला घासत घासत ती थांबली. मी वाचले. डावीकडे अण्णा बसले होते. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

त्यानंतर जे झालं ते सांगताना आजही माझा आवाज चढतो. हॉस्पिटलात भेटायला येणारा प्रत्येक जण आधी अण्णांकडे बघून हळहळायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. "उतारावर ब्रेक दाबायचा असतो गं." "घाट बायकांचं काम नाही." पोलिसांनी निष्काळजीपणे गाडी चालवून वडिलांना जखमी केल्याची नोंद माझ्या नावावर केली. हे सगळं मी सोसलं असतं. पण एका दुपारी मी पाण्याचा तांब्या घेऊन खोलीत शिरत होते आणि अण्णा शेजारच्या जोशीकाकांना सांगत होते, "तिनं वेळेवर ब्रेक मारला नाही हो. घाबरली." मी दारातूनच मागे फिरले.

हे सगळं डोक्यात घेऊन मी नूरभाईंसमोर उभी होते.

"आवाज कुठनं येतो, गाडी का बंद पडते, ह्या मला नको सांगू," ते म्हणाले. "ता मी शोधतो. तू कधी ता सांग. कधी बंद पडते? थंड असताना? गरम असताना? चढावर? उतारावर?"

"गरम असताना. चढ संपून उतार लागला की."

"क्लच दाबल्यावर की सोडल्यावर?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. "दाबल्यावर," मी म्हणाले. "दर वेळी दाबल्यावरच."

"मग क्लच सोडायचा सवालच कुठं आला? चुकीचा सोडलास तर सोडताना बंद पडेल. दाबताना इंजन मोकळा असतो. मोकळा इंजन आपला आपण मेला, तर दोष इंजनचा. ह्या त्या सर्व्हिसवाल्या गाढवांना समजला नाय?" त्यांनी हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "आणि डावीकडं का घातलीस?"

"उजवीकडे समुद्र होता."

त्यांनी फडकं उचलून घेतलं. मग पहिल्यांदाच आवाज खाली आला. "बरा केलास, बाय."

मी त्या गॅरेजच्या बाकावर बसून रडले. ते मला पाणी द्यायला वगैरे आले नाहीत. त्यांनी खिशातली चावी काढली आणि गाडीत जाऊन बसले.

चावी अर्धी फिरवून ते डॅशबोर्डकडे बघत राहिले. परत बंद केली, परत फिरवली. मग मला हाक मारली. "ह्या बघ. चावी फिरवली की सगळे दिवे एकदा लागतत. तेलाचा लागला. बॅटरीचा लागला. इंजनचा कुठं हाय?"

मी बघितलं. तिथे काळोख होता. मी ती गाडी सात महिने चालवली होती आणि तो दिवा लागायला हवा हेच मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी स्क्रू काढून डॅशबोर्डची काच पुढे ओढली. मागे बल्बच्या जागी नुसतं भोक होतं. बल्ब गेलेला नव्हता, काढलेला होता. त्यांनी दुसऱ्या एका गाडीतला बल्ब काढून तिथे बसवला आणि चावी फिरवली. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो लागलेलाच राहिला. मग त्यांनी गाडीतल्या एका सॉकेटच्या दोन पिना तारेने जोडल्या. दिवा उघडझाप करू लागला; किती वेळा लुकलुकतो त्यावरून बिघाड कुठे ते कळतं. ओठ हलवत त्यांनी उघडझापी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि इंजिनाकडे वळले.

इंजिन सुरू करून तापवलं. अर्ध्या तासाने ते भसाभसा हलायला लागलं, जणू हिवताप भरलाय. नूरभाईंनी एका छोट्या वॉल्व्हची वायर काढली. इंजिन तसंच हलत राहिलं. वायर परत लावली. तसंच. "अडकलाय," ते म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी तो वॉल्व्ह बाहेर काढला. बोटाएवढी नळी, टोकाला बारीक जाळी. जाळीत डांबरासारखा काळा चिखल आणि त्यात लाल रबरासारखा एक तुकडा. त्यांनी तो चिमट्याने ओढून उन्हात धरला.

"गॅसकेटचा लोणी. कुठंतरी तेल गळत होता, ता थांबवायला कोणीतरी भाकरीला लावतत तसा थापलान. जास्तीचा आत सुटला, तेलाबरोबर फिरला, आणि हिथं येऊन बसला. त्याच्यापायी दिवा लागला. तर दिवाच काढून टाकलान!"

पार्ट बदलून दिला आणि मोकळे झाले असं त्यांनी केलं नाही. "पार्ट बदलणं म्हणजे रिपेरिंग नाय, ती खरेदी," हे ते नेहमी म्हणत. त्यांनी खालचं चेंबर उतरवून गाळ काढला, तेलाची वाट साफ केली, साखळी तपासली. नवा वॉल्व्ह मुंबईहून मागवला. मात्र जुना टाकू दिला नाही. कापडात गुंडाळून ठेवला.

चौथ्या दिवशी ते आमच्या घरी आले. अण्णा नुकतेच हॉस्पिटलातून आलेले, अंथरुणावर. नूरभाईंच्या एका हातात स्कूटरची बॅटरी होती, दुसऱ्या हातात ती पुरचुंडी आणि नवा वॉल्व्ह. मी त्यांना बोलावलं नव्हतं. अण्णांनी हात जोडले. नूरभाईंनी सलाम केला आणि खुर्चीवर न बसता पलंगाजवळ खालीच बसले.

"पोस्टमास्तर, तुमी बोललात, पोरीनं ब्रेक मारला नाय. जोशीकाका माझ्याकडं स्कूटर देतत, त्यांनी सांगितलानी. आता ऐका." त्यांनी जुना वॉल्व्ह अण्णांच्या हातात दिला. "इंजन पण श्वास घेतो. चढावर धाप लागते, तेव्हा झडप लवकर उघडाय पायजे. सपाटीला, उताराला, सावकाश. ह्या गाडीत ती वेळ तेलाच्या दाबानं बदलते, आणि तेल कुठं सोडायचा ता हा ठरवतो. हा चढावरच्या जागी अडकला. गाडी उताराला लागली, इंजन आपला चढावरच! क्लच दाबला, की श्वास कोंडून मरतो. बघा."

नव्या वॉल्व्हला त्यांनी बॅटरीच्या तारा लावल्या. टक. आतला दांडा सरकला. तारा काढल्या. टक. मग जुन्याला लावल्या. काहीच नाही. परत लावल्या. काहीच नाही.

"आणि इंजन मेला की ब्रेकचा जोर पण मरतो. एक-दोन दाब मिळतत, मग पेडल म्हणजे धोंडा. तुमच्या पोरीनं तीनदा मारलान. उजवीकडं दर्या होता. तिनं गाडी डोंगरावर घातली म्हणून तुमी आज हिथं पडून तिला नावं ठेवतंव." आवाज चढत चालला होता. "नायतर दोघांची मयत काढाय लागली असती! कोणीतरी तिला विचारलात, काय झाला म्हणून? बापानं तरी?"

आमच्या घरात अण्णांशी त्या आवाजात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. अण्णांनी जुना वॉल्व्ह परत हातात घेतला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाक. त्यांना आणि मला. आणि तूही इथे बस." माझ्या वडिलांची माफी मागायची रीत तेवढीच होती. मी ती घेतली. नूरभाई चहा पिऊन, जोशीकाकांच्या घराच्या दिशेने दोन शिव्या हासडून निघून गेले.

पण त्यांचा खरा राग अजून बाहेर यायचा होता. गाडीच्या पुस्तकात पहिल्या मालकाचं नाव होतं, चिपळूणचे एक डॉक्टर. लतीफने मला सांगितलं होतं, ते परदेशी गेले. नूरभाईंनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला. डॉक्टर चिपळुणातच होते. म्हणाले, "अहो, तो इंजिनचा दिवा सारखा लागायचा, म्हणून तर विकली. लतीफभाईंना मी स्पष्ट सांगितलं होतं."

नूरभाईंनी फोन ठेवला. ओरडले नाहीत. हात धुतले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल."

लतीफ दुकानात तीन-चार गिऱ्हाइकांबरोबर बसला होता. नूरभाईंनी तो काढलेला बल्ब कुठे आहे एवढंच विचारलं. लतीफ आधी हसला, मग आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाला, "भाईजान, आत चला. सगळा बाजार असाच चालतो. तो दिवा बघितला की गिऱ्हाईक घाबरतो."

"गिऱ्हाइकाला घाबरवायलाच तर दिवा दिलानी!" सगळा रस्ता वळून बघायला लागला. "ह्या बायच्या बापाचा हाड मोडलानस तू. बल्ब काढून! तुझ्या हातून पाना सुटला असता, चूक झाली असती, तर मी तुझा भाऊ हाय, मी भरून दिली असती. ही चूक नाय. ह्या तू बसून, स्क्रू काढून, विचार करून केलंस."

मग ते भिंतीवरच्या चाव्यांच्या फळीकडे गेले. एकेक चावी घेऊन एकेका गाडीत बसले. चावी फिरवायची, बघायचं, उतरायचं. काही गाड्यांत दिवा लागला. चार गाड्यांत लागला नाही. त्या चार गाड्यांच्या काचांवर त्यांनी खिशातल्या पिवळ्या खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दिवा नाय'. लतीफ मागोमाग फडकं घेऊन पुसत होता. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. मी फाटकाशी उभी राहून सगळं बघत होते आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

त्यानंतर त्यांच्या मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं नूरभाईंकडे येऊन बसली. भावाभावातलं आहे, घरात मिटवा, पोलिसांत कशाला जाता, बाईला आम्ही समजावतो. नूरभाईंनी त्यांना सांगितलं, "परका असता तर मी दोन शिव्या देऊन सोडला असता. माझ्या आईच्या पोटचा हाय, म्हणून सोडत नाय." आणि त्यांनी पोलिसांत लेखी जबाब दिला. त्यावर आरटीओच्या इन्स्पेक्टरने गाडी आणि तो जुना वॉल्व्ह तपासला, डॉक्टरांचाही जबाब झाला. माझ्यावरची नोंद रद्द झाली.

लतीफचं काय झालं? काही नाही. बल्ब आपण काढला नाही, कुणी काढला ठाऊक नाही, एवढ्यावर तो सुटला. भोगलं ते नूरभाईंनी. गॅरेजची जागा त्यांच्या कुवेतच्या कमाईतून घेतलेली होती. पण ते तिकडे असताना खरेदीखत लतीफच्या नावावर झालं होतं. भावावर विश्वास, दुसरं काय. महिनाभरात लतीफने जागा रिकामी करून मागितली. जे वडीलधारे मिटवायला आले होते, त्यांतला एकही तेव्हा आला नाही. मी वकिलाकडे जाऊया म्हणाले. नूरभाईंनी नकारार्थी मान हलवली. "कागद त्याच्या नावावर हाय, बाय. वकील काय खोडरबर घेऊन बसलाय?"

काही दिवस त्यांनी राजिवड्याला घरासमोर गाड्या दुरुस्त केल्या. गल्ली अरुंद, शेजाऱ्यांची कटकट. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी परत पासपोर्ट काढला. मस्कतला एका ओळखीच्या माणसाचं वर्कशॉप होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी भेटायला गेले. अंगणात बसून ते आपल्या पान्यांना तेल लावून कापडात बांधत होते.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणाले.

ते इतके भडकले, की आतून खैरूनभाभी, त्यांच्या पत्नी, धावत बाहेर आल्या. "तुझ्यामुळं? तू काय केलंस? सगळे बोलले बाईची चूक, आता तू पण बोल बाईची चूक! पुन्यांदा असा बोललीस तर थोबाडीत दीन." मग पाना पुसत म्हणाले, "दर महिन्याला तेल बघ. काळा झाला की बदल. मी नसलो तरी बघ."

तिसऱ्या वर्षी बातमी आली. वर्कशॉपमध्ये काम करता करता छातीत कळ आली आणि ते गेले. दफन तिकडेच झालं. भाभींना तोंडही बघायला मिळालं नाही.

मी राजिवड्याला गेले तेव्हा दुपार होती. ओटीवर पुरुष, आत बायका. मी आतल्या दाराशी बसले, भाभींच्या शेजारी. ओटीवर लतीफ पांढऱ्या कपड्यांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होता, भाईजान कसा हिरा माणूस होता, कसं त्याने आपल्याला हाताला धरून शिकवलं. मग डोळे पुसून म्हणाला, "नशीब. त्याला तिकडचीच माती लिहिली होती."

भाभी चार दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या बसल्या जागेवरून, ओटीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नशीब नको बोलू, लतीफ. जागेचा कागद बोल."

लतीफने एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. कुणीतरी आपली बाजू घेईल असं त्याला वाटलं असावं. मग तो उठला, चपला शोधल्या आणि गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. त्या माणसांतले दोघे-तिघे पूर्वी मिटवायला आलेले होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

लतीफचं दुकान अजून आहे, पूर्वीपेक्षा मोठं. त्याच्यावरून जाताना मला अजूनही राग येतो आणि तो गिळायचा मी प्रयत्न करत नाही. राग वाईट, रागावर ताबा ठेवावा, असं मी वर्गात वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते. राजिवड्याहून परतल्यावर मी ते सांगणं बंद केलं.